बंद बाटलीतलं विष

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात आगोटीची लगबग वाढते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे दोन महिन्यांची बेगमी आधीच करून ठेवावी लागते. वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो, एखाद्या पडवीत पोट साफ केलेले बांगडे मिठात मुरत असतात. तिथून थोडं पूर्वेला, खार पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यांकडे वळलं की वेगळी दुनिया लागते. त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्या, आणि त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर ‘बोटॉक्स’.

सुके मासे आणि सुरकुत्यांचं इंजेक्शन, या दोहोंमध्ये एका जीवाणूचा दुवा आहे. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हे त्याचं नाव. तो जे विष तयार करतो त्याहून जहाल विष विज्ञानाला माहीत नाही. नीट न टिकवलेल्या माशांतून या विषाने जगभर माणसं मारली आहेत, आणि त्याचाच अतिसूक्ष्म अंश त्या इंजेक्शनच्या कुपीत असतो. मग दांड्याच्या सुक्या बोंबलाला भ्यायचं का? उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे समजलं की या रोगाचा निम्मा उलगडा होतो.

हा जीवाणू दुर्मीळ नाही. मातीत, तळ्या-खाड्यांच्या गाळात, माशांच्या आतड्यांत तो सगळीकडे सापडतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथल्या बाजारातल्या ताज्या माशांतही तो सापडला आणि खारवलेल्या माशांतही. परिस्थिती प्रतिकूल असली की तो जाड कवचाच्या बीजाणूच्या रूपात झोपून राहतो. हे बीजाणू आपल्या पोटात अधूनमधून जातच असणार आणि निरोगी मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. विष तयार होतं ते बीजाणू जागा होऊन वाढायला लागला तरच. त्यासाठी त्याला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी लागतात. प्राणवायू नको, ओलावा हवा, आंबटपणा नको, मीठ फार नको, आणि बहुतेक प्रकारांना ऊब हवी. यातली एक जरी अट मोडली तरी त्याचं काही चालत नाही.

दांड्याच्या वलांडीवर जवळजवळ सगळ्याच अटी मोडतात. ताज्या बोंबलात पाणीच पाणी असतं, पण त्याचं अंग पातळ, त्यामुळे उन्हा-वाऱ्यात तो चटकन कडकडीत वाळतो. चहूबाजूंनी समुद्रावरचा वारा खेळता. बांगडा अंगाने जाड, म्हणून त्याचं पोट फाडून आतडी काढतात आणि मीठ आतपर्यंत चोळतात. मिठाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं की या जीवाणूचे सगळेच प्रकार हात टेकतात. कोळणींना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरते. शिवाय सुका मासा आपल्याकडे भाजून नाहीतर रश्शात उकळून खातात, आणि बोट्युलिनमचं विष कितीही जहाल असलं तरी शेवटी ते प्रथिन आहे. पदार्थ आतपर्यंत ८५ अंशांवर पाच मिनिटं तापला तर ते निकामी होतं.

याच्या उलट काय घडतं ते १९९१ च्या एप्रिलमध्ये कैरोत दिसलं. वसंताच्या सणाला इजिप्तमध्ये फसीख नावाचा खारा मासा खातात. तो होतो बोय माशाचा, म्हणजे आपल्या खाडीत मिळणाऱ्या बोयच्याच जातभाईचा. मासा आतडी न काढता काही काळ तसाच ठेवतात, चांगला फुगू देतात आणि मग मिठात घालतात. मीठ आतपर्यंत पोचायच्या आधीच पोटातल्या बीजाणूंना ऊब, ओलावा आणि हवाबंद जागा मिळालेली असते. त्या सणात ९१ माणसं रुग्णालयात गेली आणि त्यांतली १८ दगावली. अमेरिकेतही १९८० च्या दशकात आतडी न काढता खारवलेल्या माशातून माणसं दगावली आणि त्यानंतर तिथे अशा माशाच्या विक्रीवर बंदी आली.

दुसरं उदाहरण २०२३ च्या सप्टेंबरमधलं, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातलं. रग्बीच्या विश्वचषकासाठी शहरात पाहुण्यांची गर्दी होती. तिथल्या एका उपाहारगृहाने स्वतः बरण्यांत भरून ठेवलेल्या तारल्या पानात वाढल्या. पंधराएक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. मासा तोच, आपला नेहमीचा. दगा दिला तो बरणीने. जीवाणू १०० अंशांवर मरतो, बीजाणू मरत नाही. त्याला मारायला १२१ अंश तापमान तीन मिनिटं लागतं, आणि ते साध्या पातेल्यात मिळत नाही, दाबाखालीच मिळतं. डबाबंद मासे बनवणारे कारखाने याच हिशेबाने चालतात. घरच्या शेगडीवर उकळलेली बरणी घट्ट झाकली की उलटाच परिणाम होतो. बाकीचे जंतू मरतात, प्राणवायू निघून जातो आणि वाचलेल्या बीजाणूला मोकळं रान मिळतं.

आपलं आंब्याचं लोणचं या भानगडीतून सुटतं ते आंबटपणामुळे आणि मिठामुळे. मात्र तेलात बुडवून बाहेर ठेवलेला सोललेला लसूण सुटत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये अशाच लसणातून ३६ जणांना बाधा झाली होती. आंबटपणा नाही, वर तेलाचा थर, आत हवा नाही.

म्हणूनच आता कोळीवाड्यातला माल चकचकीत व्हॅक्यूम पाकिटांतून घरपोच येऊ लागला आहे, तेव्हा थोडं सावध राहायला हवं. कडकडीत वाळलेल्या बोंबलाला पाकिटाने काही होत नाही. अर्धवट वाळलेला, बोटाला ओलसर लागणारा मासा मात्र हवा काढून बंद केला आणि बाहेर ठेवला, तर वलांडीने केलेलं काम पाकीट पुसून टाकतं. गोठवलेल्या ताज्या माशाच्या व्हॅक्यूम पाकिटाचंही तसंच. ते फ्रिजमध्ये वितळायला ठेवताना आधी फोडावं, कारण माशांशी नातं सांगणारा या जीवाणूचा ‘ई’ प्रकार ३ अंशांच्या थंडीतही वाढू शकतो. ही सूचना पाकिटावर बारीक अक्षरात असते, नाहीतर नसतेच.

विष पोटात गेल्यावर करतं काय? मेंदूचा निरोप नसेमार्फत स्नायूपर्यंत जातो. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. पिशवी नसेच्या पडद्याला जोडली जाऊन रिकामी झाली की स्नायू आखडतो. हे जोडकाम काही ठरावीक प्रथिनं करतात, आणि बोट्युलिनमचं विष नसेत शिरून नेमकी तीच प्रथिनं कापतं. निरोप टोकापर्यंत येतो, पुढे जात नाही. स्नायू लुळा पडतो. हाच बोट्युलिझम.

सुरुवात बहुधा डोळ्यांपासून होते. दूषित अन्न खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनी, पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जीभ अडखळते, तोंड कोरडं पडतं, घास उतरत नाही. मग लुळेपणा खाली सरकतो, मानेत, हातांत, छातीत. ताप नसतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं. श्वासाचे स्नायू थांबले तर मृत्यू ओढवतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात असाच लुळेपणा आणणाऱ्या गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि ‘जीबीएस’ हा शब्द घरोघरी पोचला. रुग्णसंख्या दोनशेच्या घरात गेली. त्यामागेही एक जीवाणू होता, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, जो दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो. पण त्याची तऱ्हा वेगळी. तो स्वतः नसांवर हल्ला करत नाही. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती भरकटते आणि स्वतःच्याच नसांवर घसरते. त्यातला अशक्तपणा सहसा पायांतून सुरू होऊन वर चढतो, हातापायांना मुंग्या येतात. बोट्युलिझम वरून खाली उतरतो आणि संवेदना शाबूत राहते. दोन्हींत रुग्ण व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो, उपचार मात्र वेगळे आहेत. म्हणून डॉक्टरने पहिला प्रश्न ‘आधी काय जाणवलं?’ हा विचारायला हवा, आणि नातेवाइकांनाही त्याचं उत्तर ठाऊक असायला हवं.

भारतात बोट्युलिझमच्या नोंदी फार थोड्या आहेत. त्यांतली ठळक नोंद शेजारच्या गुजरातची. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यांतले तिघे दगावले. संशय गेला तो हरभऱ्याच्या पिठाच्या शेवेवर. दिल्लीच्या एम्समधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना त्यात जो जीवाणू मिळाला तो बोट्युलिनम नव्हताच. त्याचा भाऊबंद, क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम, ‘ई’ प्रकारच्या विषाचं जनुक बाळगून होता. योगायोग असा की १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात एका अंत्यविधीनंतरच्या जेवणातलं खारवलेलं डुकराचं मांस खाऊन बँडपथकातले ३४ जण आजारी पडले होते, आणि तिथेही तिघे मेले. त्या उरलेल्या मांसातूनच एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी बोट्युलिनम पहिल्यांदा वेगळा केला. शेवेसारख्या कोरड्या, तळलेल्या, रोजच्या खाण्यावर कुणाचा संशय जाणार? उलट्या-जुलाबांनी सुरू झालेला आजार आपल्याकडे ‘विषबाधा’ या एका शब्दात गुंडाळला जातो आणि फाइल बंद होते. नोंदी थोड्या असण्यामागे हेही एक कारण असावं.

या कुळातला आपल्या ओळखीचा जीवाणू वेगळाच आहे, धनुर्वाताचा क्लोस्ट्रिडियम टेटॅनी. तोही मातीतला, तोही बीजाणूंचा, तोही हवेचा वैरी. गंमत म्हणजे त्याचं विषही नसेतल्या त्याच प्रथिनांपैकी एक कापतं. फरक जागेचा. ते नसेतून वर चढून मज्जारज्जूत जातं आणि स्नायूला ‘सैल हो’ सांगणारे निरोप बंद पाडतं. म्हणून एकात माणूस लुळा पडतो, दुसऱ्यात ताठ होतो.

आणि या धनुर्वाताची एक कहाणी थेट मुंबईतून सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन इथे आले आणि काही महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटली गेली आणि तिथून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. एकोणीसच्या एकोणीस जणांना लस एकाच बाटलीतून मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हाफकिन यांनी लसीच्या निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून कार्बोलिक ॲसिडऐवजी उष्णतेवर भर दिला होता. आयोगाने बोट परळकडे दाखवलं. हाफकिन निलंबित झाले. पण चौकशीतच एक तपशील पुढे आला होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं. बाटली परळहून निघून कित्येक दिवस झाले होते. दोष परळचा असता तर इतक्या दिवसांत त्या बंद बाटलीत जीवाणू माजून तिला दुर्गंधी सुटायला हवी होती, हा मुद्दा पुढे शास्त्रज्ञांनी लावून धरला. हिवतापाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. पाच वर्षं एका माणसाच्या आयुष्यातून गेली ती गेलीच. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, पण हाफकिन तोवर भारत सोडून गेले होते.

याच हाफकिन संस्थेशी पुण्याच्या एका उद्योगाचा धागा जुळतो. धनुर्वाताचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तात तयार करतात. घोड्याला सोसेल इतकं निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या शरीराने घडवलेली प्रतिद्रव्यं रक्तातून वेगळी काढायची. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्ममधले निवृत्त घोडे या कामासाठी हाफकिन संस्थेला जात. घोडे आपले, तर सिरम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवातीचं उत्पादन धनुर्वाताचं प्रतिविषच होतं. पुढे लशीने बाजी मारली. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रुग्णालयात बाळंतपण या दोन गोष्टींच्या जोरावर २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. याचा अर्थ जिल्ह्या-जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण. माती होती तिथेच आहे आणि बीजाणूही. शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर दांड्याच्या मच्छीमाराने आजही इंजेक्शन चुकवू नये.

बोट्युलिझमवर असं सर्वांना टोचण्याजोगं काही नाही, आणि गरजही नाही. रोग विरळा आहे. त्याचं प्रतिविषही घोड्यापासूनच होतं, पण ते दुर्मीळ आणि महाग. शिवाय ते रक्तात फिरणाऱ्या विषालाच धरू शकतं. नसेत शिरलेलं विष त्याच्या हाताबाहेर असतं. म्हणून ते लवकर देणं महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचा व्हेंटिलेटर. नस हळूहळू सावरते, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. एकेकाळी निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. अतिदक्षता विभागांमुळे आता बहुतेक वाचतात.

स्नायू सैल पाडणारं विष औषध म्हणून वापरता येईल, ही कल्पना आजची नाही. १८२० च्या सुमारास जर्मनीत खराब सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी ते लिहून ठेवलं होतं, आणि विषाची चव स्वतः घेण्याचा वेडेपणाही केला होता. प्रत्यक्षात आणलं ते सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी. त्यांना सुरकुत्यांशी देणंघेणं नव्हतं. तिरळेपणा शस्त्रक्रियेविना सुधारायचा होता, म्हणून डोळा ओढून धरणाऱ्या स्नायूत ते अत्यल्प विष टोचत. १९८९ मध्ये अमेरिकेत या औषधाला तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर आकुंचनासाठी मान्यता मिळाली. त्याच सुमारास व्हँकूवरच्या डॉ. जीन कॅरदर्स यांच्या एका रुग्णाने पापण्यांवरच्या इंजेक्शनाने कपाळही गुळगुळीत होतं असं लक्षात आणून दिलं, आणि त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ होते. पुढचा बाजार जगाने पाहिला.

पण आरशापलीकडचे उपयोग जास्त मोलाचे आहेत. अर्धांगवायूनंतर मुठीत आवळून बसलेला हात, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची टाच जमिनीला टेकू न देणारी पोटरी, एका बाजूला पिळलेली मान, महिन्यातले पंधरा दिवस डोकं उठवणारी जुनाट अर्धशिशी, काखेतला अति घाम, ताब्यात न राहणारं मूत्राशय. या सगळ्यांवर हे इंजेक्शन चालतं आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. १०० युनिटांच्या कुपीत विष असतं सुमारे ५ नॅनोग्रॅम. बोंबलावर टाकलेल्या मिठाचा एक कण तोलला तर तो या विषाच्या दहा हजार पटींहून भारी भरेल.

इतक्या बारीक मात्रेचा खेळ असल्याने तो कोण खेळतो याला महत्त्व आहे. २०२३ च्या सुरुवातीला तुर्कस्तानात वजन घटवण्यासाठी जठरात हे विष टोचून घेतलेल्या, युरोपभरच्या साठहून जास्त लोकांना खराखुरा बोट्युलिझम झाला. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट कुप्यांमुळे अनेक राज्यांतल्या लोकांना पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही अशा तक्रारी घेऊन रुग्णालय गाठावं लागलं. ब्यूटी पार्लरमध्ये अर्ध्या किमतीत, पात्र डॉक्टरशिवाय मिळणारं इंजेक्शन घेऊ नये. कुपी डोळ्यांसमोर उघडायला सांगावी आणि तिच्यावरचं नाव, तुकडी क्रमांक, मुदत वाचावी. यात संकोच कसला?

मराठी घरात या जीवाणूचा खरा धोका मात्र माशात नाही आणि दवाखान्यातही नाही. तो बारशाच्या घरात, मधाच्या बाटलीत आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात लक्षात आलं की तान्ह्या मुलांचा बोट्युलिझम वेगळ्या वाटेने येतो. मोठ्यांच्या आतड्यातले रहिवासी जीवाणू बाहेरून आलेल्या बीजाणूंना थारा देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून नीट बसलेली नसते. मधमाश्या फुलांबरोबर मातीतले बीजाणूही आणतात. मधात ते वाढत नाहीत, पण जिवंत राहतात, आणि बाळाच्या आतड्यात पोचले की तिथेच वाढून विष करतात. मध शुद्ध आहे, जंगलातला आहे, घरच्या पेटीतला आहे, याने काहीच फरक पडत नाही. तो कोमट करूनही उपयोग नाही.

आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवायची, सोनं उगाळून मधातून चाटवायची, गुटी मधात कालवायची रीत आहे, आणि ती मायेपोटीच चालते. तरीही बालरोगतज्ज्ञांचा सल्ला निःसंदिग्ध आहे. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत मध अजिबात नको. बाळाला बरेच दिवस शी होत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, दूध ओढायची ताकद कमी वाटत असेल, मान आणि हातपाय ढिले पडत असतील, तर ‘पोट धरलंय’ म्हणून हिंगाचं पाणी लावत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि मध चाटवला असेल तर तो लपवू नका. बारशाला येणाऱ्या आजी, आत्या, मावशींनाही हे आधीच सांगून ठेवा.